विश्लेषण : घरात गॅस, तरी चूल पेटतेच, जळणाचा हिशेब कसा काढतात?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशाच्या ग्रामीण भागात सुमारे ४३ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. त्यातही प्रश्न मुख्य इंधनाचा असतो. चहा गॅसवर आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, हे त्यात दिसत नाही.

मग घरे कशी निवडायची?

तासगाव तालुक्यात द्राक्ष बागायतदाराला छाटणीच्या काड्या जळणाला मिळतात. भूमिहीन मजुराला सरपण बाहेरून आणावे लागते. म्हणून आधी कुटुंबांचे गट पाडायचे, मग प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून घरे निवडायची. हीच स्तरित नमुना पद्धत.

फरक किती पडतो?

समजा, गावात २०० बागायतदार आणि १०० भूमिहीन कुटुंबे आहेत. बाहेरून आणलेले सरपण आठवड्याला अनुक्रमे १० आणि २५ किलो. गावाची सरासरी १५ किलो. फक्त बागायतदारांना विचारले, तर ती १० येते. दोन्ही गटांतून सारखी घरे घेऊन साधी सरासरी काढली, तर १७.५. त्यामुळे ३० घरांच्या नमुन्यात २० बागायतदार आणि १० भूमिहीन हवेत.

एकच फेरी पुरते का?

नाही. एप्रिल आणि ऑक्टोबरमधील छाटणीनंतर काड्या मुबलक असतात, पावसाळ्यात सुके जळण मिळणे अवघड. दोन्ही वेळी मोजणी हवी.

महत्त्व काय?

सरासरी कमी दिसली, तर गावाचा प्रश्न सुटला असे कागदावर ठरते. सिलिंडर पुन्हा भरणे न परवडणाऱ्या घरातील बाई मात्र धुरातच राहते.