पदवीचे नाव आणि गुरुजींची वही

जून महिन्यात दवाखान्यात तापाच्या रुग्णांबरोबर आणखी एका प्रकारची गर्दी असते. बारावीचा निकाल लागलेला असतो आणि रक्तदाब तपासायला आलेले आजोबा निघता निघता खिशातून नातवंडाच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढतात. यंदा असेच एक निवृत्त गुरुजी आले. वय ७४, सहा वर्षांपासून कंपवात. बरोबर नात होती. त्या दोघांच्या संमतीने, नावे न घेता लिहितो आहे.

"डॉक्टरसाहेब, हिला नीटला मार्क कमी पडले. आता म्हणते, मेंदूचंच शिकायचं. न्यूरोसायन्स. एका ठिकाणी त्याच नावाची डिग्री आहे म्हणे. फीस लई आहे, पण बँकेतली ठेव मोडतो. माझ्या या थरथरीवर पोरगी औषध काढील."

नात खाली बघत होती. मेंदूचेच का, असे मी विचारल्यावर तिने पिशवीतून एक वही काढली. सहा महिन्यांच्या नोंदी होत्या. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, हात केव्हा मोकळा झाला, पाऊल कुठे अडले. सकाळची गोळी दुधाबरोबर घेतली की आबांचे अंग उशिरा मोकळे होते, असे तिच्या लक्षात आले होते. "असं का होतं, काका?" तिने विचारले.

एवढी चांगली नोंद माझ्याकडे क्वचितच आली असेल. कंपवातात मेंदूतील डोपामिन कमी पडते. ते बाहेरून दिले तर रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून ज्यापासून ते तयार होते ते लेव्होडोपा गोळीतून द्यावे लागते. लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे. दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिने पचून जी अमिनो आम्ले तयार होतात, त्यांतील काही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना तोच दरवाजा वापरतात. दारात गर्दी झाली की औषध मागे राहते. म्हणून ही गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर साधे बिस्कीट चालते. मात्र यावरून प्रथिने बंद करू नयेत. म्हातारपणी त्यांची गरज असतेच. वेळा बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मग मी गुरुजींना म्हणालो की हिच्या प्रश्नाचे उत्तर ज्या विषयात आहे, त्याला जीवरसायनशास्त्र म्हणतात. दुधाचे दहा दिवस आणि बिनदुधाचे दहा दिवस ताडून पाहायचे, त्यातही एखाद्या दिवशी बद्धकोष्ठ किंवा जागरण असेल तर तो फरक वेगळा काढायचा, हे संख्याशास्त्र. तुम्ही चार महिन्यांपासून वर्तमानपत्र उघडलेले नाही, ते उदासीमुळे की आजारामुळेच मनाची उभारी गेली म्हणून, हा प्रश्न मानसशास्त्राचा. मज्जाविज्ञान हे या सगळ्यांच्या संगमावर उभे आहे. पदवीच्या पातळीवर संगमाचे नाव विकत घेण्यापेक्षा त्याला मिळणाऱ्या नद्या पक्क्या कराव्यात, असे माझे मत आहे.

मुखेडकरांना यासाठी दूरचे उदाहरण नको. मण्यार चावलेला शेतकरी पहाटे येतो तेव्हा जखम दिसतही नाही, पण पापण्या मिटत जातात आणि पुढे श्वास अडखळतो. हे आपल्या तालुक्याने पुष्कळ पाहिले आहे. मण्यारीच्याच कुळातील तैवानच्या सापाच्या विषातून चँग आणि ली यांनी १९६३ साली एक प्रथिन वेगळे केले. मज्जातंतूचा निरोप स्नायूवर ज्या जागी पोहोचतो, तिथेच ते घट्ट चिकटते. त्याच्याच मदतीने ती जागा वेगळी काढून अभ्यासता आली आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस या पापण्या गळणाऱ्या आजाराचे कारण उलगडत गेले. हे काम औषधशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणाऱ्यांचे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांना मनःस्थितीच्या विकारांमागील मेंदूच्या यंत्रणेवरील कामासाठी २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांची पहिली पदवी जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या विषयांतील आहे.

इथे मला एक कबुली द्यावी लागली. हीच मुलगी दहावीनंतर विचारायला आली होती आणि "नीटला गणित लागत नाही, सोडून दे" असे मीच म्हणालो होतो. लातूर-नांदेडच्या हवेत आम्ही सगळेच असे बोलतो. पण मज्जातंतूतून विजेचा निरोप कसा धावतो, हे हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये समीकरणांनीच मांडले, त्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल मिळाले, आणि आज या शास्त्रात गणित व संगणक यांवाचून पुढे सरकता येत नाही. पुण्याच्या आयसरची प्रवेशपरीक्षाही भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांबरोबर गणित विचारते. तिला आता ते मागून भरून काढावे लागणार. स्वयम्‌वर विनाशुल्क अभ्यासक्रम आहेत, एवढाच दिलासा मी देऊ शकलो.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक सोय मात्र केली आहे. मुख्य विषयाबरोबर मायनर आणि दुसऱ्या शाखेतील ओपन इलेक्टिव्ह निवडता येतो. म्हणजे विज्ञानाची विद्यार्थिनी मानसशास्त्राचे धडे घेऊ शकते. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष संशोधनात घालवता येते. अर्थात कागदावर जे असते ते प्रत्येक महाविद्यालयात शिकवतातच असे नाही. म्हणून आजोबांनी नातीबरोबर स्वतः जावे आणि विचारावे: या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, प्रयोगशाळा दाखवाल का, मागच्या तुकडीतील मुले आज कुठे आहेत? त्या महागड्या पदवीची पत्रिका आम्ही तिघांनी मिळून वाचली. पहिल्या वर्षाचे विषय नांदेडच्या बीएस्सीहून फारसे वेगळे नव्हते आणि प्रयोगशाळेबद्दल चकार शब्द नव्हता.

दुसरी गोष्ट गुरुजींना सांगणे अधिक अवघड होते. ही पदवी घेऊन ती डॉक्टर होणार नाही. मेंदूविकारतज्ज्ञ व्हायला एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम असा लांबचा रस्ता आहे. तिचा रस्ता एमएस्सी आणि पीएचडीचा; बंगळुरूची निम्हान्स, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईची टाटा संस्था अशी ठिकाणे त्या वाटेवर आहेत. त्याला दहा वर्षे लागतील. आणि तिने काही शोधले तरी ते त्यांच्या थरथरीसाठी असेलच असे नाही.

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या आजाराचं ओझं हिच्या दप्तरात नको."

मी मान हलवली. नातीला भीती वेगळीच होती: आपण नांदेडला राहायला गेलो तर गोळ्यांकडे कोण बघणार? शुश्रूषा करणाऱ्या घरातील मुलींच्या मनात हा प्रश्न असतो आणि त्या तो मोठ्यांना विचारत नाहीत. तिच्या आईला बोलावून आम्ही वेळापत्रक लावले. भ्रमणध्वनीवर चार गजर आणि आठवड्याच्या गोळ्यांचा कप्प्यांचा डबा.

तिने रसायनशास्त्र मुख्य विषय घेतला आहे, मानसशास्त्र इलेक्टिव्ह. ठेव मोडावी लागली नाही. वही ती घरीच ठेवून गेली. मागच्या आठवड्यात गुरुजी आले तेव्हा त्यात सुनेचे अक्षर होते आणि दुधाचा पेला रात्रीच्या रकान्यात गेला होता.