विद्यापीठ एकच, प्रश्न कॉलेजचा

बारावीचा निकाल लागला की मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण इथून फोन येऊ लागतात. "बी.एस्सी. करायचंय, कुठलं विद्यापीठ चांगलं?" फोन मुलीचा असेल तर जरा वेळाने खरी अडचण बाहेर येते. "अब्बा म्हणतात, जवळ जे कॉलेज असेल ते घे. सायन्स नसेल तर आर्ट्स कर."

आधी विद्यापीठाचं बोलू. आपल्या भागातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला, भिवंडीचं जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय, पदवी सगळीकडे मुंबई विद्यापीठाचीच. बांदोडकर आणि बिर्ला स्वायत्त आहेत. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज पाहतं, पदवी मात्र विद्यापीठ देतं. तेव्हा चौकशी करायची ती कॉलेजची.

माझ्या मते तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, तुमचा विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत दोन्ही प्रकारचे वर्ग असतात. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे जुने विषय बहुधा अनुदानित असतात. आयटी, बायोटेक बहुधा विनाअनुदानित. फीमध्ये काही पटींचा फरक पडतो. दुसरी, प्रयोगशाळा. माहितीपत्रकातल्या फोटोवर जाऊ नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा की आठवड्याला किती प्रॅक्टिकल होतात आणि उपकरण स्वतः हाताळायला मिळतं का. तिसरी, पुढची वाट. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी आहे आणि चौथं वर्ष ऑनर्सचं. ते वर्ष आणि एम.एस्सी. तुमच्या विषयात तिथे आहे का?

आणखी एक. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची प्रवेशपूर्व नोंदणी आणि कॉलेजचा अर्ज ही दोन वेगळी कामं आहेत. एक राहिलं तर चांगले गुण असूनही यादीत नाव येत नाही. मूलभूत विज्ञानाचीच ओढ असेल तर कलिन्यात मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं केंद्र आहे. तिथे पाच वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश 'नेस्ट' परीक्षेतून मिळतो. तयारी बारावीतच करावी लागते.

आता अब्बांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली, जीव गेले. भिवंडीहून तर ठाण्या-कल्याणला जायला सरळ लोकलही नाही. पण प्रवासाच्या अडचणीवर तोडगा प्रवासाचाच काढायचा असतो. दोघीतिघींनी एकत्र जावं, महिला डब्यातून प्रवास करावा, सकाळची बॅच मागावी. जवळच्या महिला महाविद्यालयात तिचा विषय असेल तर तेही घ्यावं, त्यात कमीपणा नाही. विषयच बदलून टाकणं हा तोडगा नव्हे. मुलासाठी ठाणं जवळ असतं आणि मुलीसाठी लांब, हे अंतर रेल्वेने ठरवलेलं नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिलं की देशात वीस वर्षांवरच्या लोकांत पदवी किंवा पदविका घेतलेले सुमारे ७ टक्के होते, मुस्लिमांत ४ टक्क्यांहूनही कमी. महाराष्ट्रात २०१४ साली मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण जाहीर झालं. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला हरकत घेतली नाही, तरी पुढच्या सरकारने ते टिकवलं नाही. ती मागणी आपण सोडणार नाही. पण यंदाचा प्रवेश तिच्यासाठी थांबणार नाही. म्हणून जे हातात आहे ते आधी करा. मोमीन-जुलाहा, बागवान, तांबोळी अशा ओबीसी यादीतल्या जमातींच्या मुलांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र निकालाआधीच काढून ठेवावं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा.

आणि फॉर्म भरताना घरात जी बैठक बसते, चाचा, मामू, शेजारचे भाईजान सगळे असतात, तिथे जिला शिकायचं आहे तिलाही बसवा. भावांनो, ही जबाबदारी तुमची. अब्बांसमोर पहिलं वाक्य तुम्ही बोला: "तिला काय शिकायचंय, ते आधी तिला विचारू."