गौरवाचा महिना आणि बुडालेला भत्ता

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने २०१६ साली कायदा करून नोव्हेंबर हा हिंदू वारसा महिना ठरविला; २०२२ मध्ये तेथील संघीय लोकसभागृहानेही तसाच ठराव केला. बाहेरून येऊन राबलेल्यांचे ऋण विधिमंडळाने मान्य करावे, ही गोष्ट चांगलीच. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. आपणही २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीयांचा सत्कार करीत आलो आहोत. (त्या मंडपात आखातातील गवंडी क्वचितच दिसतो, हे जाता जाता.)

परंतु देशातल्या देशात गाव सोडलेल्यांचे काय? नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि १८८० च्या दशकात राजनांदगावपर्यंत रेल्वे गेली. त्या वाटेने छत्तीसगडचे धान्य इतवारीच्या बाजारात आले, तशी माणसेही आली. किराणा ओळीतील आणि सराफ्यातील कित्येक पेढ्यांचे मूळही मारवाड-गुजरातेतच आहे. मात्र पेढीचा मालक तो व्यापारी, आणि त्याची पोती वाहणारा तेवढा परप्रांतीय! वास्तविक १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी रायपूरचा मजूर नागपूरला येई, तेव्हा तो आपल्याच राज्याच्या राजधानीत येत असे. पुढे सरहद्द हलली, माणूस नव्हे.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने गौरव केला नाही, हक्क दिला. पाच वा अधिक असे कामगार असतील तेथे ठेकेदाराने मासिक वेतनाच्या निम्मा, किमान ७५ रुपये, विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च द्यावयाचा होता. अंमल किती झाला, ते २०२० च्या टाळेबंदीने दाखविले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर सोळा मजूर चिरडले गेले. सप्टेंबरात सरकारने संसदेला सांगितले की, टाळेबंदीत किती स्थलांतरित मेले याची नोंद नाही. त्याच अधिवेशनात नवी संहिता संमत झाली. स्वतःहून आलेल्या मजुरालाही तिने व्याख्येत घेतले, हे मान्य केले पाहिजे. पण पाचाची मर्यादा दहावर गेली आणि विस्थापन भत्ता गळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे.

उद्या कोणी या श्रमिकांसाठी योगदान महिना सुचविला, तर साथींनी पाठिंबा द्यावा. मात्र त्याच विधेयकात भत्ता आणि पाचाची मर्यादा परत मागावी. तोवर इतवारीच्या गोदामांत नि बांधकामांवर ठेकेदाराच्या हजेरीपटात नऊच नावे का आहेत, आणि प्रत्यक्ष माणसे किती आहेत, याची मोजणी या आठवड्यापासूनच सुरू करता येईल.