छतावर कोण चढणार?

दिवाळी अंकाला जाहिराती कोण देतं, यावरून गावाची चाल कळते. सराफ, साड्या, पतसंस्था हे नेहमीचेच. आता त्यांच्या मांडीला मांडी लावून सौरवाले बसलेत. 'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झाली, तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं आणि अमरावती-अकोल्याच्या वसाहतींत पॅनेलं दिसू लागली. छतावर चढून चौकटी आवळणारे, वायरी ओढणारे पोट्टे मात्र जाहिरातीत कुठेच नसतात.

हरित रोजगाराच्या प्रशिक्षणाची कागदावर कमतरता नाही. 'सूर्यमित्र' 2015 पासून आहे, 600 तासांचं. पण दारातच दहावी आणि आयटीआय विचारतात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. तिच्यात बारावीवाल्याला 6,000, आयटीआयवाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. बारावी किंवा आयटीआयच्या खाली काही नाही. आठवीत शाळा सुटलेलं झोपडपट्टीतलं पोर कोणत्याच रांगेत उभं राहू शकत नाही. गरिबाच्या नावानं काढलेल्या योजनेला गरीबच अपात्र ठरावा, ही आपल्याकडची जुनीच खोड.

गंमत अशी, की हे पोर हिरवं काम आधीपासूनच करतंय. कूलर घ्या. अकोल्यात मे 2024 मध्ये उन्हापायी 144 कलम लावावं लागलं होतं. अशा गावात कूलर ही चैन नव्हे. ताटीतून झिरपणारं पाणी आणि वऱ्हाडची कोरडी हवा, एवढ्या भांडवलावर चालणारं हे यंत्र एसीच्या मानानं फारच थोडी वीज खातं. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत त्याचे पंप बदलणं, ताट्या भरणं, गळकी टाकी सांधणं हे सगळं गल्लीतल्या दुकानांत चालतं. तिथंच कोपऱ्यात बसून एखादा पोरगा जळक्या मोटारीचं तांबं उकलतो, वेढे मोजतो, नवी तार भरतो आणि भंगारात जाणारी मोटार पुन्हा फिरती करतो. त्याला कोणी 'हरित कौशल्य' म्हणत नाही, कारण त्याचा उस्ताद प्रमाणपत्र देत नाही. (शिव्या देतो, पण त्या अभ्यासक्रमाचाच भाग आहेत.)

हीच कारागिरी सौर धंद्याला लागणार आहे. संच बसवायला दोन-चार दिवस पुरतात. पॅनेल पंचवीस वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. इन्व्हर्टर त्याच्या कितीतरी आधी दगा देतो. उन्हाळ्याची धूळ बसली की वीज घटते. म्हणजे धुण्याचं, तपासण्याचं, दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं निघत राहणार. तेव्हा पुण्या-मुंबईच्या माणसाची वाट बघायची का?

पुण्यानं एक वाट दाखवली आहे. तिथं कागद-काच-पत्रा वेचणारे 1993 मध्ये संघटित झाले आणि पुढं त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेकडे घरोघरच्या कचऱ्याचं काम आलं. ज्यांना काम येत होतं, त्यांच्याच हाती ते सोपवलं गेलं. आपल्याकडे 2025 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत अमरावती देशात पहिली आली. आनंद आहेच, सत्काराच्या हारांतला एखादा भंगार वेचणाऱ्या बाईपर्यंत गेला असता तर तो वाढला असता.

पोरांना कायम पान्ह्या-पकडीतच ठेवायचं का, असा आक्षेप येईल. रास्त आहे. म्हणूनच आधी शिकलेलं जोखून मिळणारं प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरतं नको. त्यावर पुढं आयटीआयचा, वायरमनच्या परवान्याचा रस्ता खुला व्हायला हवा. तशी जोखणी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे; ती गल्लीतल्या दुकानापर्यंत आणावी आणि शिकवण्याचे पैसे उस्तादालाही द्यावेत. मुलींना या दुकानांत आज शिरकावच नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या तुकड्या लागतील.

अमरावती-अकोल्याच्या महापालिका शाळा-दवाखान्यांवरच्या सौर संचांच्या निविदा काढतील, तेव्हा एक अट सहज घालता येईल: देखभालीचं काम त्याच प्रभागात तयार झालेल्या मुलामुलींना, विमा, हेल्मेट आणि सुरक्षापट्ट्यासह, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार छतावर कोणालाही चढवायचं नाही.