एका फोटोसाठी अख्खी गॅलरी

‘तुम्हीच “अलाउ” दाबलंत ना? मग आता तक्रार कसली?’ कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांनी ज्यांचे फोटो विद्रूप करून नातेवाइकांना पाठवले, त्यांना हा प्रश्न घरातूनच ऐकावा लागतो. माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पाच हजार भरायचे आहेत आणि गॅलरीची परवानगी दिल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही. अशा माणसापुढे निवड होती कुठे? सावकारानं कोऱ्या कागदावर उठवून घेतलेल्या अंगठ्याला आपण संमती म्हणत नाही. मग या बटणाला का म्हणायचं?

आणि कर्ज द्यायला गॅलरी लागतेच कशाला? रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२मध्ये बजावलं, की कर्जाच्या ॲपनं फोनमधल्या फाइल, मीडिया, संपर्कयादी, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा वापरायचा तो ओळख पटवण्यापुरता, एकदाच. ३१ मे २०२३पासून गूगलनंही प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना फोटो आणि संपर्क मागायला बंदी केली. तरी कर्जं मिळतच आहेत. गॅलरी घेतली जात होती ती तारण म्हणून. माणसाची अब्रू तारण.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी आपली गॅलरी एकदा सावकाश उघडून पाहावी. आधारकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, आईचा रक्ताचा रिपोर्ट, मैत्रिणीचं डोहाळजेवण, बहिणीचं तान्हं बाळ. अनेक फोटोंच्या पोटात ते कुठं आणि केव्हा काढले याचीही नोंद असते. यातलं तुमचं एकट्याचं किती? त्या बाळाच्या वतीनं ‘अलाउ’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

‘फोटोशिवाय ॲप चालणार कसं?’ यात तथ्य आहे, पण एका फोटोपुरतं. आयफोनवर २०२०पासून निवडक फोटोंपुरती मुभा देता येते. अँड्रॉइडच्या नव्या फोटो पिकरमध्ये तर परवानगीचा प्रश्नच येत नाही: गॅलरी फोन उघडतो, आपण निवडू तेवढाच फोटो ॲपच्या हाती पडतो. सोय असूनही जे ॲप अख्खी गॅलरी मागतं, त्याच्या हेतूवर मी संशय घेणारच.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक बोलकं उदाहरण आहे. वैद्यकीय सल्ल्याचं ॲप सल्ल्यासाठीच्या माहितीबरोबर संपर्कयादीही मागतं आणि बाई दोन्हींना होकार देते. कायदा म्हणतो, सल्ल्याला संपर्कयादी लागत नाही, म्हणून तिची संमती सल्ल्यापुरतीच धरायची. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना पुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत मिळाली, ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते. पण तत्त्व लिहिलं गेलं आहे. संपर्कयादीच्या जागी गॅलरी ठेवून ते वाचा. वसुलीवाल्याच्या हाती लागलेले फोटो त्याला कुणी दिलेच नव्हते.