लपवण्यासारखं काही नाही म्हणे!

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" प्रायव्हसीचा विषय काढला की हापिसाबाहेरच्या टपरीवर हे वाक्य ठरलेलं. आणि बोलणारा कोण? तर दिवसभर लोकांच्या डेटाच्या टेबलांत हात घालून बसलेला आमच्यातलाच एक!

२००६ सालची गोष्ट घ्या. एओएल या अमेरिकन कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले सर्च संशोधकांसाठी जालावर ठेवले. नावं काढून टाकलेली, प्रत्येकाला नुसता एक नंबर. आता कोण ओळखणार? न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी काही दिवसांतच त्यातल्या एका नंबरामागची बाई शोधून काढली. तिच्या गावातले माळी, तिच्या आडनावाची माणसं, तिची दुखणी, सगळं तिनेच सर्च केलं होतं. नाव हवंय कशाला? काखेतली गाठ, फेडायचं राहिलेलं कर्ज, नोटीस पिरियड टाळायचा कसा... बायकोला, आईला विचारणार नाही ते आपण त्या चौकोनात टाइप करतो.

म्हणून सर्च आधी बदला असं माझं मत. २००८ मध्ये सुरू झालेलं डकडकगो जाहिराती दाखवतंच, पण त्या टाइप केलेल्या शब्दावरून. तुमची कुंडली मांडून नाही. बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. त्यांच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकर्सना सूट होती, हेही २०२२ मध्ये उघड झालं आणि मग त्यांना ती बंद करावी लागली. थोडक्यात, सोवळं कुणीच नाही. पण सगळ्या चौकशा एकाच वहीत लिहिल्या जाणं आणि न जाणं यात फरक आहेच की.

नकाशांचं प्रकरण मात्र अवघड. लोकेशन हिस्टरी बंद केली तरी गुगल दुसऱ्या एका सेटिंगखाली जागा साठवत होतं, हे असोसिएटेड प्रेसने २०१८ मध्ये दाखवून दिलं. पण गंमत अशी, की रस्त्यावरची ती लाल रेघ आपल्याच खिशातल्या फोनांच्या वेगावरून काढलेली असते. पाळत नको आणि ट्रॅफिक मात्र कळू दे, हे एकाच वेळी जमत नाही. ऑरगॅनिक मॅप्समध्ये म्हणूनच लाइव्ह ट्रॅफिक नाही. अख्खा महाराष्ट्र आधी डाउनलोड करून ठेवायचा. मग ठिकाण शोधणं, रस्ता काढणं फोनमध्येच होतं, नेटवर्क लागत नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

मी स्वतः सोमवारी सकाळी हिंजवडीला जाताना गुगलच उघडतो. (शुद्धतावाद्यांनी माफ करावं.) पण डॉक्टरकडे, वकिलाकडे किंवा दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला जायचं असेल तर ऑरगॅनिक. तिथे पंधरा मिनिटं आधी निघालं की झालं.

दुकानांची नावं त्यात कमी सापडतात, ही तक्रार खरी. त्यामागचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे २००४ पासून लोकांनीच भरत आणलेला. भरणारे कमी तिथे नकाशा रिकामा. आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी गेल्या शनिवारी मी टाकली. चांभाराचं दुकान आणि दोन क्लिनिक अजून राहिलीत.