गाडीचं वय नको, कस पाहा

दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर मराठी माणूस जातो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. त्याच रस्त्यावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसतं. १५ वर्षांवरच्या सगळ्या आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्लीत चालवायच्या नाहीत, हे आदेश त्याने २०१४-१५ मध्ये दिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आम्ही मूळचे विट्याचे, करोल बागेत गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. आमच्याकडे दागिना घेऊन आलेल्याला तो कधी घडवला, हे कुणी विचारत नाही, कस लावतात. गाडीच्या बाबतीत मात्र सरकार फक्त जन्मसाल विचारत आलं.

माझी पेट्रोल गाडी २०१० ची. पावसाळ्यानंतर आत कुबट वास सुटला. मिस्त्रीने डावं सीट काढलं, मॅटिंग उचललं आणि खालचा फोम पिळला, तर पाण्याची धार लागली. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबून ते आत झिरपत होतं. मॅटिंग वरून कोरडं, खाली पत्रा तांबडालाल. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचत पुढे सरकला. टणटण वाजलं तिथे पत्रा शाबूत, टोक रुतलं तिथे गेलेला. सडका तुकडा कापून त्याने नवा पत्रा वेल्ड केला. उरलेला गंज तारेच्या ब्रशने खरवडला, त्यावर रस्ट कन्व्हर्टर, मग इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, शेवटी रंग आणि खालून कोटिंग. घाईत गंजावरच डांबरी कोटिंग फासणारे पुष्कळ आहेत. त्याने ओल आत कोंडते आणि पत्रा झाकलेल्या जागी सडत राहतो.

हा खटाटोप हौसेचा नाही. सीटचे बोल्ट याच तळात बसतात. तळ सडला, तर अपघातात सीट जागेवर राहील याची खात्री कोण देणार? पीयूसीवाला धूर मोजतो; मॅटिंगखाली बघत नाही. तुंबलेल्या पाण्यात उभी राहिलेली सात वर्षांची गाडी माझ्या गाडीपेक्षा सडकी असू शकते. कागदावर मात्र ती तरुण.

दिल्लीच्या हवेचा प्रश्न खरा आहे, जुन्या इंजिनांचा धूर जास्त हेही खरं. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये बीएस-४ या धुराच्या मानकापूर्वीच्या गाड्यांवर कारवाईची मुभा दिली आणि बाकीच्यांना संरक्षण ठेवलं, ते मला वयाच्या मोजपट्टीपेक्षा बरं वाटतं. पण बीएस-४ हा शिक्का गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा. आज ती कशी आहे, ते तपासल्याशिवाय कळत नाही. केंद्राचं २०२१ चं भंगार धोरणही खासगी गाडीच्या फिटनेसवरच भर देतं.

वयाच्या अटीचा खरा तोटा निराळाच आहे. गाडी पंधराव्या वर्षी जाणारच, हे ठाऊक असलेला मालक बाराव्या वर्षापासून खर्चाला हात आखडता घेतो. मग शेवटची वर्षं ती गळकी, गंजकी आणि धूर ओकत फिरते. नियमच निष्काळजीपणा शिकवतो.

म्हणून ठरावीक वर्षांनी गाडी तपासणी केंद्रात न्यावी. तिथे धूर मोजावा, मॅटिंग उचलून तळ ठोकून बघावा. दोन्हींपैकी एकात जरी नापास झाली, तरी खुशाल भंगारात घाला, माझी असली तरी. पास झाली, तर मालकाने केलेल्या देखभालीची कदर म्हणून पुढची काही वर्षं तिला चालू द्या.